आधी मॉनिटर सांग, मग प्रोसेसर सांगतो

रात्री अकराला भाच्याचा मेसेज आला. सात प्रोसेसरांची यादी होती, आकडे, मग अक्षरं, मग पुन्हा आकडे, आणि खाली एक ओळ: "मामा, नवा गेमिंग पीसी बनवतोय. यातला कोणता घेऊ?"

मी विचारलं, "मॉनिटर कोणता आहे?"

बराच वेळ काहीच नाही. मग: "मॉनिटरचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो सुटला की पैसे चुकीच्या जागी जातात. शिवाय सध्या चूक महागात पडते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या आहेत. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी चिपा उचलल्या जाऊ लागल्या आणि घरी पीसी बनवणारा रांगेत मागे ढकलला गेला. दोन वर्षांपूर्वी डोळे झाकून दिलेला सल्ला आज तसाच देता येत नाही. म्हणून भाच्याला जे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते इथे सलग लिहितो.

लेखक एक, चित्रकार दुसरा

खेळ चालू असताना पडद्यावर स्थिर चित्रं भराभर बदलत असतात. त्यातलं एक चित्र म्हणजे फ्रेम. प्रत्येक फ्रेममागे दोघं राबतात. प्रोसेसर ठरवतो काय घडलं: तुम्ही माऊस हलवला, गोळी सुटली, ती भिंतीला लागली की शत्रूला, शत्रू पळणार की लपणार. मग तो ग्राफिक्स कार्डाच्या हातात यादी देतो, इथे माणूस, तिथे धूर, ही सावली अशी पडलेली. कार्ड त्या यादीबरहुकूम लाखो ठिपके रंगवतं.

चित्रकथा काढणारी जोडी डोळ्यांपुढे आणा. लेखक सेकंदाला १३० प्रसंग लिहून देऊ शकतो, पण चित्रकार ९०च काढू शकतो. छापून किती येणार? ९०. आता त्या लेखकाच्या जागी २०० प्रसंग लिहिणारा, दुप्पट मानधनाचा लेखक आणून बसवा. छापून तरीही ९०च येणार. उरलेल्या वेळात तो महागडा लेखक खिडकीबाहेर बघत बसेल.

यातला जो मागे पडतो त्याला बॉटलनेक म्हणतात, मराठीत सरळ 'अडसर' म्हणू. अडसर कुठे ना कुठे असतोच. "तुमच्या जोडीत अमुक टक्के बॉटलनेक आहे" असं सांगणारे कॅल्क्युलेटर नेटवर ढिगाने सापडतात, त्यांच्याकडे सरळ दुर्लक्ष करा. तोच पीसी एका खेळात प्रोसेसरपाशी अडतो आणि दुसऱ्यात कार्डापाशी. त्याच खेळात गावातून रानात गेलात तरी अडसर जागा बदलतो. एका टक्क्यात हे मावत नाही.

माझ्या लेखी चांगला सौदा म्हणजे, तुमच्या कार्डाला आणि तुमच्या पडद्याला ताटकळत न ठेवणारा सगळ्यात स्वस्त प्रोसेसर. वाचलेले पैसे चित्रकाराला द्यायचे.

मॉनिटर मध्ये कुठून आला?

मॉनिटरच्या खोक्यावर हर्ट्झचा आकडा असतो. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, तो हा आकडा. ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी प्रोसेसरला एक फ्रेम तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झला ६.९ मिलिसेकंद आणि २४० हर्ट्झला जेमतेम ४.२. म्हणजे ६० वर निवांत असलेला प्रोसेसर २४० वर घामाघूम होतो, खेळ तोच असला तरी.

दुसरी गोष्ट रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४०पी वर ३६.९ लाख, ४के वर ८२.९ लाख. ठिपके चौपट झाले की चित्रकाराचं काम जवळपास त्याच पटीत वाढतं. लेखकाचं फारसं वाढत नाही, कारण कागद मोठा झाला म्हणून गोष्टीतले शत्रू वाढत नाहीत. त्यामुळे ४के वर खेळणाऱ्याचा अडसर बहुतेक वेळा कार्डच असतं, आणि त्याला मधल्या किमतीचा प्रोसेसर छान पुरतो. ठिपके कमी आणि हर्ट्झ जास्त, की प्रोसेसरची परीक्षा सुरू.

इथे एक खोच आहे. डीएलएसएस किंवा एफएसआर या फ्रेम वाढवणाऱ्या सोयी चालू केल्या की खेळ आत कमी ठिपक्यांत रंगवला जातो आणि नंतर मोठा केला जातो. ४के पडद्यावर 'परफॉर्मन्स' मोड निवडलात तर आत १०८०पीच चाललेलं असतं. चित्रकाराचं ओझं उतरलं, लेखकाचं तेवढंच राहिलं, आणि अडसर गुपचूप प्रोसेसरकडे सरकला. "४के ला प्रोसेसरने फरक पडत नाही" हे वाक्य हल्ली अर्धंच खरं आहे.

गिगाहर्ट्झ जास्त, तर वेग जास्त ना?

एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. पण एका ठोक्यात किती काम उरकतं हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. इंटेलने २००४ मध्ये आपल्या पेंटियम ४ प्रोसेसरला ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत नेलं. दोनच वर्षांनी त्याच इंटेलचा २.४ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ आला आणि त्याने पेंटियम ४ ला सहज मागे टाकलं. तुरुतुरु चालणाऱ्यापेक्षा लांब टांगा टाकणारा आधी पोचला. ठोक्यांची तुलना फक्त एकाच पिढीतल्या भावंडांमध्ये करायची.

नावातल्या 'आय५', 'आय७' चंही तसंच. २०१७ च्या कोअर आय७ ७७००के मध्ये ४ कोर आणि ८ थ्रेड होते. २०२२ च्या कोअर आय३ १२१०० मध्येही ४ आणि ८ च आहेत, आणि हा 'धाकटा' त्या थोरल्याच्या पुढे पळतो. "आय७ आहे" एवढंच सांगून कोणी जुना पीसी गळ्यात मारत असेल तर आधी पूर्ण नंबर मागा.

कोर किती हवेत?

कोर म्हणजे प्रोसेसरमधला एक स्वतंत्र कामगार. थ्रेड म्हणजे त्याच कामगाराच्या रिकाम्या क्षणांत दुसरं काम घुसवण्याची सोय. ६ कोर १२ थ्रेड म्हणजे माणसं ६च.

कामगार वाढवले की काम त्याच पटीत लवकर होतं असं नाही. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच हे मांडलं होतं: कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही माणसं लावली तरी लवकर आटोपता येत नाही. खेळात तो भाग बराच असतो. गोळी लागली का हे कळल्याशिवाय शत्रू पडणार का हे ठरत नाही, आणि ते ठरल्याशिवाय दरवाजा उघडणार का हेही नाही. एक कोर हा मुख्य धागा ओढत असतो, बाकीचे आवाज, पात्रांच्या हालचाली, फाइली उलगडणं अशी कामं वाटून घेतात.

तरीही खालची एक मर्यादा आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, दोन्ही २०२० चे, दोन्हींत ८ कोर. मोठे खेळ त्यांना धरून लिहिले जातात. म्हणून आज ४ कोरांचा प्रोसेसर नवीन घेऊ नये असं मी सांगतो. आजच्या पिढीतले ६ कोर बहुतेकांना पुरतात, ८ असले तर निवांत. १२ आणि १६ कोर व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्यांसाठी. खेळता खेळता स्ट्रीमिंग करायचं असेल तरी व्हिडिओ आवळण्याचं काम ग्राफिक्स कार्डातला वेगळा भाग सांभाळतो, त्यासाठी जादा कोर विकत घ्यायची गरज नाही.

खरी मेख कॅशमध्ये

आता जे सांगतोय ते बहुतेक जाहिराती लहान अक्षरांत टाकतात.

शिंपी मशीनवर बसलाय. टेबलावर रंगीत दोऱ्यांची काही रिळं हाताशी आहेत. बाकीची मागच्या खोलीतल्या कपाटात. हवा तो रंग टेबलावर सापडला तर हात पुढे केला की झालं. नाही सापडला तर उठा, आत जा, कपाट उघडा, शोधा, परत या. मशीन तोवर थांबलेलं. शिंप्याचा हात कितीही चपळ असो, दिवसातून शंभर वेळा उठावं लागलं तर कपडे व्हायचे तेवढेच होणार.

टेबल म्हणजे कॅश, प्रोसेसरच्या आतलीच छोटी पण चपळ मेमरी. कपाट म्हणजे रॅम. ४.५ गिगाहर्ट्झच्या आधुनिक प्रोसेसरला शेवटच्या टप्प्यातल्या, म्हणजे एल३ कॅशमधून माहिती आणायला साधारण ५० ठोके लागतात. तीच माहिती रॅममधून आणायची तर ३०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त ठोके जातात, आणि तोवर तो कोर बऱ्याच अंशी हात चोळत बसतो.

मग व्हिडिओ बनवताना हा त्रास इतका का होत नाही? कारण तिथे क्रम ठरलेला असतो, आणि पुढची रिळं आधीच आणून ठेवणारा पोऱ्या प्रोसेसरच्या आतच असतो. खेळात मात्र तुम्ही पुढच्या क्षणी डावीकडे वळणार की उडी मारणार हे त्या पोऱ्याला कुठून कळणार? पात्रं, भिंती, गोळ्या, सगळ्यांची माहिती मेमरीत विखुरलेली. खेळाला मोठं टेबल लागतं ते यामुळे.

याचा पुरावा २०२२ मध्ये मिळाला. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिच्या रायझन ७ ५८००एक्स मध्ये ८ कोर, ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत वेग आणि ३२ एमबी एल३ कॅश होती. त्यांनी त्याच पिढीचे तेच ८ कोर घेतले, वर कॅशचा आणखी एक थर चढवून ती ९६ एमबी केली आणि नाव दिलं ५८००एक्स३डी. उष्णतेपायी वेग ४.५ वर उतरवावा लागला. वेग कमी, कोर तेवढेच, तरीही बहुतेक खेळांत तो भावाच्या पुढे गेला. पुढे ७८००एक्स३डी आणि २०२४ च्या अखेरीस ९८००एक्स३डी याच वाटेने आले.

स्वस्त चिपांतही हीच मेख लपलेली असते. रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६००: दोन्हींत ६ कोर, १२ थ्रेड, वेगात थोडासा फरक, नावात शंभरचा. पण ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ आहे, ५५०० मध्ये १६. वर पीसीआयई, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला रस्ता: ५५०० ग्राफिक्स कार्डाशी जुन्या पीसीआयई ३.० ने बोलतो, ५६०० पीसीआयई ४.० ने. काही स्वस्त कार्डं मुळात या रस्त्याच्या अर्ध्याच मार्गिका वापरतात, त्यांना हा अरुंद रस्ता जाणवतो. किमतीत नाममात्र फरक असेल तर ५५०० च्या वाटेला जाऊ नका.

"पण चाचण्यांत महाग चिप केवढी पुढे दिसते!"

दिसणारच, तशी चाचणी मुद्दाम रचलेली असते. प्रोसेसर तपासणारे सगळ्यात तगडं कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पी ठेवतात, म्हणजे चित्रकार कधी मागे पडणार नाही आणि लेखकाची खरी ताकद कळेल. पद्धत अगदी रास्त आहे. चूक होते ती वाचणाऱ्याकडून, कारण तो ते आकडे स्वतःच्या पीसीचं भविष्य समजतो.

तक्ता असा वाचायचा: अमुक खेळात हा प्रोसेसर जास्तीत जास्त १४० फ्रेम देऊ शकतो, ही त्याची कमाल. मग तुमच्या कार्डाच्या चाचणीत तुमच्या रिझोल्यूशनला किती फ्रेम मिळतात ते बघायचं. समजा ९५. दोनांतला लहान आकडा तुमचा. १४० वाला असताना २१० वाला घेऊन तुमचे ९५ हलत नाहीत.

सरासरीच्या शेजारी '१ टक्का लो' असा आकडा असतो, तोही बघा. तो सगळ्यात रखडलेल्या फ्रेमचा हिशेब. सरासरी १०० आणि १ टक्का लो ३५ असेल तर खेळ कागदावर सुसाट असतो आणि हाताला धक्के देतो. दुबळा प्रोसेसर पहिल्यांदा इथेच उघडा पडतो.

आणि स्वतःचे खेळ बघा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे चुरशीचे नेमबाजीचे खेळ, शहरं वसवायचे खेळ, शंभर सैन्यं हलवायचे डावपेचाचे खेळ प्रोसेसर खातात. देखण्या दृश्यांचे, संथ, गोष्टीचे खेळ कार्ड खातात.

किंमत एकट्या चिपची नसते

प्रोसेसर बसतो तो सॉकेट मदरबोर्डावर असतो, आणि बोर्ड ठरला की रॅमही ठरते. एएमडीचं एएम४ सॉकेट डीडीआर४ रॅम घेतं, एएम५ फक्त डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डावर साधारणपणे एकच. म्हणून चिप, बोर्ड, रॅम आणि कूलर यांची बेरीज करून मगच 'स्वस्त' म्हणा. एक्स३डी चिपांसोबत कूलर येत नाही, रायझन ५ ७६०० सोबत येतो. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर आत चित्र दाखवायची सोयच नसते. कार्ड बिघडलं तर पडदा काळा, आणि दोष कुठे आहे हे शोधायलाही काही दिसत नाही. ६ कोरांच्या साध्या चिपेखाली भपकेदार बोर्ड घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

घरात चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर आजच्या घडीला ती निम्मा निकाल लावते. एएम४ वर रायझन ५ ५६००, किंवा डीडीआर४ बोर्डावर कोअर आय५ १२४००एफ, हे अजून १०८०पी च्या मधल्या किमतीच्या कार्डाला नीट साथ देतात. सगळंच नव्याने घ्यायचं असेल तर एएम५ वर ७६०० किंवा ७५००एफ पासून सुरुवात करावी. २४० हर्ट्झवर जिंकायलाच बसणाऱ्यांनी ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी कडे बघावं, त्यांचे पैसे वसूल होतात. १६ कोरांचा ७९५०एक्स३डी निव्वळ खेळासाठी का घेतात हे मला अजून कळलेलं नाही. त्याच्या दोन भागांपैकी एकावरच जादा कॅश आहे, खेळ त्या ८ कोरांवरच ठेवावा लागतो.

"आणि पाच वर्षांनी काय?"

आज जादा कोर साठवून ठेवण्यापेक्षा उद्या चिप बदलता येईल असं सॉकेट घ्यावं. २०१७ मध्ये एएम४ चा बोर्ड घेतलेल्यांना २०२२ मध्ये, बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून, त्याच बोर्डावर ५८००एक्स३डी बसवता आला. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. इंटेलचं एलजीए१७०० मात्र १४ व्या पिढीपाशी संपलं, नंतरचे कोअर अल्ट्रा २०० वेगळ्या सॉकेटवर गेले.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप चिपा वापरलेल्या मिळत असतील तर जपून. त्यांतल्या बऱ्याच चिपा जादा व्होल्टेजमुळे झिजून अस्थिर होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड, म्हणजे चिपेच्या आतल्या सूचनांचा अपडेट, दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही.

आधी आहे तो पीसी तपासा

भाच्याला दुसऱ्या दिवशी फोनवर घेतलं. जुन्या पीसीत रायझन ५ २६००, एएम४ बोर्ड, १६ जीबी डीडीआर४. मॉनिटर १०८०पी, १६५ हर्ट्झ. म्हटलं, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये किती दिसतंय बघ.

"साठ."

आठ महिने तो १६५ चा पडदा ६० वर वापरत होता. ते बदललं. मग म्हटलं, नेहमीचा खेळ लाव, फ्रेमचा आकडा बघ, नंतर रिझोल्यूशन ७२०पी वर आण आणि त्याच जागी उभा राहून पुन्हा बघ. आधी ८५ होते, नंतर ८७. चित्रकाराचं काम निम्म्याहून कमी केलं तरी आकडा हलला नाही, म्हणजे अडसर लेखकच. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४५ टक्केच दिसतोय अशी शंका त्याने काढली. तो आकडा सगळ्या थ्रेडांची सरासरी असतो. मुख्य धागा ओढणारा एक कोर पार दमलेला असला तरी बाकीचे मोकळे असल्याने सरासरी खाली राहते.

रॅम दोन पट्ट्यांत, योग्य खाचांत, बायोसमध्ये एक्सएमपी चालू, तेही बघून घेतलं. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन वाटांनी माहिती ओढतो. एक्सएमपी बंद असेल तर रॅम तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू चालते.

सात प्रोसेसरांची यादी बाजूला पडली, नवा बोर्ड आणि नवी रॅमही. जुन्या बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरांच्या, कंपनीच्या यादीत ५६०० होताच. सांगितलं, जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट कर, नंतर कूलर काढ. काढण्याआधी पीसी थोडा वेळ चालव म्हणजे चिप आणि कूलर यांच्या मधली पेस्ट मऊ होईल. कूलर सरळ वर ओढायचा नाही, आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा, कारण एएम४ मध्ये पिना चिपेला असतात आणि सॉकेटची कडी लावलेली असली तरी चिप उपटून येते.

बायोसचं त्याने ऐकलं. रात्री फोटो आला: उलटा धरलेला कूलर, त्याच्या तळाला चिकटलेला २६००, पिना आकाशाकडे. खाली लिहिलं होतं, "मामा, एक वाकलीय. पण जुन्याचीच आहे ना?"